फ्यूज खिशात ठेवणारे काकाजी

मोहाडीत एखाद्याच घरची लाइट दिवसाढवळ्या गेली, तर आमच्या आळीतले लोक विजेच्या ऑफिसला फोन करत नसत. आधी विचारत, "थांबा काकाजी आले का तुमच्याकडे?" थांबा काकाजी म्हणजे आमचे वायरमन. कामाला हात घालण्याआधी ते मेनस्विच बंद करत, मीटरखालचा फ्यूज काढत आणि तो सरळ शर्टाच्या खिशात टाकत. घरातल्या कोणी बटणाकडे नुसतं बघितलं तरी यांचं "थांबा!" ठरलेलं. नाव त्यावरूनच पडलं.

तो फ्यूज खिशात ठेवूनच ते जेवायला घरी जात. एकदा ऐन उन्हाळ्यात कूलर बंद पडला म्हणून आळीतले एक मास्तर फ्यूज मागायला त्यांच्या घरी जाऊन धडकले. काकाजी वरणभात खात होते. ताटावरची मान वर न करता म्हणाले, "मास्तर, भात थंडा झाला तं चालते. माणूस थंडा नाही झाला पायजे." मास्तर मुकाट्यानं परत आले आणि काकाजींचं जेवण होईपर्यंत वर्तमानपत्रानं वारा घेत बसले.

काकाजींचा विश्वास स्वतःच्या टेस्टरवरही नव्हता. आमची लाइट बंद केली की ते शेजारच्या घरी जात, तिथल्या चालू सॉकेटात टेस्टर खुपसून तो पेटतो की नाही बघत. मग आमच्या तारा तपासत आणि पुन्हा एकदा शेजारी जाऊन टेस्टर बघून येत. मला हसू आवरेना, तेव्हा म्हणाले, "हसू नको पोरी. टेस्टर मेला असंन तं तोही लाईन नाही असंच सांगते." साधं पाणी प्यायला उठले तरी परत आल्यावर आधी टेस्टर लावायचा आणि मगच हात. एवढी शंका तर माझी आजेसासूही घेत नसे.

आमच्याकडे ते शेवटचे आले ते बाबांसाठी, माझ्या सासऱ्यांसाठी. बाबांचा जन्म हातमागावर गेलेला, आणि म्हातारपणी छाती पार निकामी झालेली. दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन लागे. कूलर आणि मशीन एकत्र चाललं की जुन्या बोर्डातला फ्यूज वितळे, म्हणून घरात एमसीबीचा नवा डबा बसवून बाबांच्या खोलीची लाईन वेगळी करायचं ठरलं. काकाजींनी मला समोर उभं करून समजावलं, "हा एमसीबी वायरीले जळू देत नाही. माणसाले वाचवाचं काम ह्या दुसऱ्या स्विचचं, शॉक बसला का लाईन तोडते हा. दोन्ही लागतीन, नाही तं मी चाललो." मी दोन्हीला हो म्हटलं. काम होईपर्यंत बाबांना भाड्याच्या सिलिंडरवर ठेवलं.

दोन तासांचं काम लांबत गेलं. जुन्या तारांवरचं कव्हर हात लावताच गळून पडत होतं. काकाजी एकेक टोक सोडवत, त्यावर नळी चढवत, टेप गुंडाळत. मी सिलिंडरच्या काट्याकडे बघत होते. काटा खाली खाली येत होता. किती वेळ लागेल विचारलं तर उत्तर एकच, "थांबा." मला संताप आला त्यांचा, अगदी मनापासून.

मग मी तेच केलं, जे आमच्या आळीत सगळेच करतात. एखादी फेज गेली की ज्याच्याकडे लाइट आहे त्याच्या घरून वायर घ्यायची. तिच्या दोन्ही टोकांना पिना असतात. एक टोक त्यांच्या सॉकेटात, दुसरं आपल्या, की आपलं घर चालू. काकाजी स्क्रू आणायला बाहेर सायकलपाशी गेले तेवढ्यात मी खिडकीतून वायर ओढून घेतली आणि बाबांच्या खोलीतल्या सॉकेटात खुपसली. पलीकडून शेजारच्या मावशींनी बटण दाबलं. मशीन घरघरलं, बाबांची नळी मी त्याला लावली, मला हुश्श झालं. तोच करंट भिंतीतून उलटा त्या उघड्या बोर्डापर्यंत पोचला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

काकाजी आत येऊन बोर्डासमोर बसले. मी दारातून बघत होते. त्यांनी तारेकडे हात नेला, सवयीनं मागे घेतला आणि टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

त्यांनी खिशातला फ्यूज चाचपला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला सगळं कळलं. मी वायर उपटायला खोलीत धावले. सॉकेटापर्यंत हात पोचणार, एवढ्यात मागून आवाज आला, "हात नको लावू!" तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "पिना उघड्या झाल्या तं सारा करंट तुया हातात! आधी तिकडचं बंद कराले सांग."

मी खिडकीतून ओरडले. मावशींनी बटण बंद करून त्यांच्याकडचं टोक काढलं. मशीन थांबलं. मी बाबांना परत सिलिंडरची नळी लावली. अजून होता थोडा ऑक्सिजन. काकाजींनी पिशवीतून आपला एक्स्टेन्शन बोर्ड काढला आणि मावशींच्या घरून थेट मशीनला लाईन दिली, आमच्या भिंतीतल्या तारांना न शिवता. "मले सांगतलं असतं तं सकाळीच करून देलं असतं," एवढंच बोलले. मग दाराशी बसले. पाण्याचा गिलास त्यांच्या हातात ठरत नव्हता.

संध्याकाळपर्यंत त्यांनी काम पुरं केलं. झाला प्रकार ना बाबांना सांगितला, ना आळीत कोणाला. मरता मरता वाचलेल्या माणसाचे हात कापणारच, असं मी धरून चालले. शरमेनं माझ्या तोंडून माफीचा शब्द फुटला नाही. उद्या मागू, परवा मागू म्हणत ती राहूनच गेली.

बाबा त्यानंतर दीड वर्ष जगले. गेल्या पोळ्यानंतर काकाजीही गेले, काविळीनं. मी काकींना भेटायला गेले. काकी शांतपणे बोलत होत्या.

"एवढी वर्षं करंटचं काम केलं, पण भेव म्हणून नाही धरलं त्यायनं. एकच दिवस घरी आले अन् ताटावर बसून रडाले लागले. एक घास नाही खाल्ला. म्हणे, माया डोळ्यासमोर एक पोरगी चालली होती, मी आवाज देल्ला म्हणून वाचली. कोणाची पोरगी, इचारलं मी. नाव नाही सांगतलं. म्हणे, नाव कायले पायजे तुले, लोकं बोलतीन तिले."

मी म्हणाले, "काकी, ती मीच."

काकींनी माझे दोन्ही हात ओढून घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.