शेजारची जागा

मंडळी, आज फार दमलेय, तरी हे लिहून टाकते.

ऑफिस सुटल्यावर नगरच्या स्टँडवर मनमाडची गाडी लागली. दारात नुसती रेटारेटी. मी सवयीने खिडकीतून स्कार्फ टाकून सीट धरली, आत जाऊन बसले, शेजारी डब्याची पिशवी ठेवली आणि डोळे मिटले.

लहानपणी आजोळी जाताना वडील, म्हणजे आमचे अण्णा, मलाच उचलून खिडकीतून आत सोडायचे. मी सीटवर आडवी पडून जागा धरायचे. कोणी विचारलं की ठणकावून सांगायचे, "आमचे अण्णा येतायत." मग घामाघूम अण्णा यायचे. गाडी सुटली की मी त्यांच्या अंगावर झोपून जायचे. गाव आलं की तेच उठवायचे.

"कोन येनार हाय का इथं?" एक मावशी विचारत होत्या.

"हो, येतायत." तोंडातून निघूनच गेलं.

अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली.

मावशी दांड्याला धरून उभ्या राहिल्या. गाडी स्टँडबाहेर पडल्यावर मला भान आलं. पिशवी मांडीवर घेतली आणि म्हटलं, "बसा, मावशी."

"आलं न्हाई व्हय तुमचं मानूस?"

"नाही आलं."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "लई दमलेली दिसतीस. कुठं उतरायचंय?"

"कोल्हारला."

"मला पुढं जायचंय. झोप तू, मी उठवते."

मी खरंच झोपले.

कोणीतरी उठवणारं आहे म्हणून निर्धास्त झोपायला तुम्हाला शेवटचं कधी मिळालं होतं?