मोरपंखी साडी आणि मधली विहीर

पारुबाईचा बाप गेला आणि तिच्यावर भावांचं प्रेम एकदम उतू जायला लागलं. बाजारच्या दिवशी सकाळी भीमसिंग जवळा बाजार गावाहून साडी घेऊन आला. "बाई, हक्कसोडीवर अंगठा दे तेवढा. माझ्या नावानं." दुपारी धाकटा प्रेमदास, तोही साडी घेऊन. बोलणं तेच, नाव तेवढं निराळं.

बापाच्या जमिनीच्या वाटणीचा दोघांचा दावा कोर्टात होता. भांडण खरं तर मधल्या विहिरीचं. ज्याला विहीर त्याचा हरभरा. दुसऱ्यानं आभाळाकडं बघत बसायचं. पारुबाईची तकलीफ वेगळीच. तांड्यावर एकाकडं पाणी प्यालं की दुसऱ्याचं दार बंद. राखीला तर ती सेवालाल महाराजांच्या देवळात बसून यायची, न बांधलेल्या राख्या घेऊन. बाप गेला ते गेला, पण माहेरही चाललं होतं.

साड्या उघडल्या, तर दोन्ही मोरपंखी, काठही तेच. दुकानदारानं एकच गठ्ठा आणला असावा. पारुबाई हसली आणि दोघांनाही काही बोलली नाही.

लोकअदालतीत ती मोरपंखी साडी नेसून गेली. भीमसिंगनं मिशीवर हात फिरवला. प्रेमदासनं वकिलाला कोपरानं ढोसलं. न्यायाधीशांनी विचारताच दोघं एका सुरात म्हणाले, "बाई म्हणंल ते मंजूर!"

"मंग ऐका साहेब," पारुबाई म्हणाली. "मी हिस्सा सोडत न्हाई. मधला पट्टा मला द्या, विहिरीसकट. पाणी दोघांनी पाळीनं घ्यावं. पाळी मागायला माझ्या बांधावर यावं."

"पेमा, तू काहून मंजूर म्हणला?" भीमसिंग कुजबुजला.

"माझी साडी नेसून आली ना ती!"

"तुझी? मी आणली ती!"

"भांडू नका, दुसरी घरी हाय."

न्यायाधीशांना जो खोकला लागला, तो थांबेना. दोघांनी सह्या मात्र केल्या. निदान विहीर 'त्याला' तरी मिळाली नाही, एवढं समाधान दोघांनाही पुरलं.

औंदा हरभऱ्याला पाणी देताना प्रेमदासची मोटार बंद पडली, ती भीमसिंगनंच उघडून बसवली, शिव्या देत. राखी तर विहिरीच्या काठावरच झाली. दोन्ही भावजयांनी डबे आणले आणि पारुबाईला दोन्ही संपवावे लागले.

बाजाराला गेली की ती त्या साडीच्या दुकानासमोर थांबते आणि हात जोडते. दुकानदार बिचारा घाबरून आधीच सांगतो, "बाई, भाव एकच हाय!"