उंदरांच्या पाण्यात चिमूटभर मीठ

नागपुरात मी जनावरांची डॉक्टर होते. अमेरिकेत ईडन प्रेरीला आल्यावर डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे पगारी नोकरीची परवानगी नसलेली, नुसती बायको झाले. म्हणून २००४ साली एका प्रयोगशाळेत बिनपगारी काम मिळालं, तेव्हा मी स्वयंपाकघरात अक्षरशः उड्या मारल्या. आईने फोनवर विचारलं, "तिथे करतेस तरी काय?"

"उंदरांची लघवी मोजते."

आईने फोन सरळ बाबांकडे दिला.

पण काय मजेचं काम होतं ते! मधुमेह झालेल्या उंदरांचं मूत्राशय फुगून मोठं होतं. आमचे सर म्हणायचे, रक्तातल्या साखरेमुळे. मी म्हणायचे, लघवीच इतकी होते की पिशवीला ताणावंच लागतं; धडधाकट उंदराला भरपूर प्यायला लावा, त्याचंही तेच होईल. वाद घालायला मी कधीच मागे नसते. शेवटी सर म्हणाले, "करून दाखव. खरं ठरलं तर पगारी नोकरी देतो, व्हिसाचे कागदही मीच करतो."

उंदीर साधं पाणी बेतानंच पितात, साखरेचं मात्र ढोसतात; आणि धडधाकट उंदराच्या रक्तातली साखर त्याने वाढत नाही. म्हणून निम्म्यांना साधं पाणी दिलं, निम्म्यांना साखरेचं. जाळीच्या पिंजऱ्याखाली वजनकाटा होता, तो कॉम्प्युटरला जोडलेला. उंदराने लघवी केली की पडद्यावरची रेघ एक पायरी वर चढायची. साध्या पाण्यावाल्यांच्या पायऱ्या बुटक्याच राहिल्या. साखरवाल्यांच्या मात्र तिसऱ्या आठवड्यात अशा उंच झाल्या, की मी खुर्चीवरून उठून ओरडलेच. पिशवी एका वेळी कितीतरी जास्त साठवायला लागली होती! सर धावत आले आणि पडद्याकडे बघतच राहिले.

त्याच दुपारी मी नव्या बाटल्या भरायला घेतल्या. साखर ढवळली आणि माझा हात आपोआप शेजारच्या मिठाच्या बरणीत गेला. चिमूट धरलेली बोटं बघून माझं धाबं दणाणलं. आमच्या घरी सरबतात साखरेबरोबर चिमूटभर मीठ पडतंच. गेले तीन आठवडे ते उंदरांच्या पाण्यातही पडत होतं. आता पिशवी नुसत्या लघवीने ताणली, की मिठाने काही केलं, हे कोण सांगणार?

घरी नवरा म्हणाला, "अगं, कुणाला कळणारे यार? गप्प बस ना. जॉब जाईल हातचा."

"मला कळलंय ना!" मी खेकसले.

सकाळी सरांना सांगून टाकलं. ते हसले नाहीत. "नवे उंदीर घे, पहिल्यापासून कर. पण ही शेवटची संधी," एवढंच म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. स्वतःचा असा राग आला होता की सांगायची सोय नाही.

मिठाची बरणी मी कपाटात कुलूपबंद केली. पुन्हा तीन आठवडे रोज पडद्यापुढे श्वास रोखून बसले. आणि रेघ चढली! त्याच उंच पायऱ्या! मूत्राशयं काढून वजन केलं, तर साखरवाल्यांची सरळसरळ जड भरली. मी धावतच सरांच्या खोलीत गेले.

"या वेळी पाण्यात काय होतं?" त्यांनी विचारलं.

"साखर."

"आणि?"

"आणि काही नाही."

मी नोंदवही पुढे केली. त्यांनी ती उघडलीही नाही.

"जिने मिठाचं स्वतःहून सांगितलं, तिची वही कशाला तपासू?" म्हणाले, आणि व्हिसाच्या अर्जावर सही केली.