तीन नंबरचा खटका

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत हिंगोलीत लाईट होती असं सांगितलं की आजची पोरं मला वेड्यात काढतात. होती. एका मालकानं आणलेली, एका इंजिनावर चालणारी, मोजक्या घरांपुरती. तिचा बोर्ड सांभाळणारा मी होतो. गावात कुठंही तार तुटली की भिंतीवरचा एकुलता एक खटका पडायचा आणि सगळेच अंधारात जायचे, मालकाच्या माडीपासून माझ्या आक्काच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. मालक ओट्यावर येऊन शिव्या द्यायचा, वायरमन शिडी घेऊन धावायचा आणि तासा-दोन तासांत तार जोडली जायची. शिव्या मी खायचो, म्हणून ही पद्धत मला मागासलेली वाटायची.

आक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर त्याची गिरणी तिनं एकटीनं चालवली, तीही गावाच्या पार शेवटच्या गल्लीत. गिरणीला तेलावरचं इंजिन होतं. लढाईमुळं तिला तेल मिळेना, मालकाच्या इंजिनापुरतं मात्र यायचं, तेव्हा मीच तिच्या मागं लागून विजेची मोटार घ्यायला लावली. जुनं इंजिन विकून टाक म्हणालो.

"लाईट गेली मंग?" तिनं विचारलं.

"मी बसलोय ना तिथं."

तिनं इंजिन विकलं.

पुढं मालकानं हैदराबादहून एक इंजिनिअर साहेब आणला. साहेबानं गावाचे तीन भाग पाडले. तीन तारा, तीन खटके. ज्या भागात बिघाड तेवढाच बंद, बाकीचं गाव उजेडात. एक नंबरवर मालक, डॉक्टर, कचेरी आणि माझं घर. दोन नंबरवर बाजार. तीन नंबरवर उरलेले, म्हणजे आक्का आणि तिच्यासारखे. दुरुस्ती आधी कुणाची करायची, असं साहेबानं मला विचारलं. मी म्हणालो, नंबराप्रमाणं. "तुमचं डोकं चालतं," साहेब मालकासमोर म्हणाला. माझी छाती अशी फुगली की आठ दिवस मी जमिनीवर नव्हतो.

वैशाखात वादळ झालं. लिंबाची फांदी पडून तिसरी तार तुटली आणि तेवढा एकच खटका पडला. मी बाहेर येऊन पाहिलं. गाव उजेडात होतं, फक्त टोकाला काळोख. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मालक ओट्यावर आला नाही, एक शिवी कानावर पडली नाही.

सकाळी वायरमन शिडी घेऊन निघाला. कळमनुरीकडच्या तांड्यावरचा माणूस, कामाला वाघ. "आक्काची तार जोडून येतो, तासाभराचं काम हाय," म्हणाला. तेवढ्यात मालकाचा गडी निरोप घेऊन आला, ओट्यावरचा दिवा मिचमिच करून राहिला म्हणून. एक नंबर. मी वायरमनला तिकडं धाडलं. मग डॉक्टरकडं फ्यूज गेला, मग बाजारात कुणाचा तरी होल्डर ढिला झाला. वादळानं सगळंच खिळखिळं केलं होतं. एक आणि दोन नंबर उरकेपर्यंत दिवस संपायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक नंबरपासून सुरुवात.

चौथ्या दिवशी आक्का बोर्डाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"बायांच्या दळणाच्या पाट्या तशाच भरून पडल्यात रे. पीठ न्हाई तर भाकरी कशाची थापतील? बाजारातल्या गिरणीवर जाऊन राहिल्या."

"तुझा नंबर येईल, आक्का."

ती बोर्डाकडं बघत राहिली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ते तीन खटके तिला लगेच कळले.

"एकडाव बाकीचे दोन बी वढ खाली," ती शांतपणे म्हणाली. "मालकाला घटकाभर अंधारात बसू दे. मंग बघ तार जोडतेत का न्हाई."

बराबर बोलत होती. मालक अंधारात बसला की तार जोडली जायची; त्याचा अंधार हीच आमच्या गावाची तक्रार होती, आणि तीच साहेबानं आणि मी मिळून काढून टाकली होती.

"माझी नोकरी जाईल," मी म्हणालो. जाणार नव्हती. आपोआप पडले म्हणालो असतो तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मला फक्त शिव्या खायच्या नव्हत्या.

"आन माझी गिरणी?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे, आक्का." सख्ख्या बहिणीला मी हे ऐकवलं. ती आल्या वाटेनं परत गेली.

वायरमन रोज विचारायचा, "आज जाऊ का तिकडं?" रोज मी त्याला दुसरीकडं पाठवायचो. चौदाव्या दिवशी एक-दोन नंबरचं काहीच निघालं नाही, तेव्हा तो गेला आणि तासाभरात काम संपवून आला. मी तीन नंबरचा खटका वर केला. आक्काची मोटार फिरली, पट्टा फिरला, पण दळायला काही नव्हतं. बाया एकदा बाजाराकडं वळल्या त्या वळल्याच. तरी दोन महिने ती रोज गिरणी झाडून बसायची. मग मोटार बाजारातल्या गिरणीवाल्यानं नेली.

माझ्या बायकोनं तिला आमच्याकडं दळायला बोलावलं. जात्यावरच्या पिठाची भाकरी गोड लागते, म्हणाली. चांगल्या मनानं म्हणाली की कसं, मी विचारलं नाही. त्यानंतर दर दोन दिवसांनी आक्का दिवेलागणीला यायची, ओसरीत जातं मांडायची आणि भावाच्या घरचं दळण दळायची.

एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर ती अंधारातच दळत होती. "अंधारात काहून बसलीस?" म्हणत मी बटण लावलं. एक नंबरची लाईट, लख्ख पडली. तिच्या तळहातांवर फोड आले होते.

आक्कानं जात्याचा खुंटा सोडला. उठली, दिवा बंद केला आणि पुन्हा दळायला बसली.