कपाट हलेपर्यंत

माझ्या आईने लग्नात दिलेलं लोखंडी कपाट आज मी नवऱ्याच्या घरातून बाहेर काढत होते. दोन हमाल खांदा लावून रेटत होते, त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, पण कपाट तसूभर हलेना. मग कर्रर्र आवाज झाला, फरशीवर ओरखडा उठला आणि ते एकदम सरकलं. थोरल्या हमालाने कपाटाच्या पायांखाली ओलं पोतं सारलं. त्यानंतर ते एका हाताने ढकललं तरी जात होतं.

"जड असतं ते हलेपर्यंतच, ताई," तो म्हणाला.

थांबलेल्या वस्तूला सरकत्या वस्तूपेक्षा जास्त घर्षण असतं, हे शाळेत पाठ केलं होतं. कळलं लग्नानंतर. नवऱ्याचा हात पहिल्यांदा उठला तेव्हा थरथरत होता. मारून झाल्यावर तोच रडला. दुसऱ्या वेळी हात थरथरला नाही. पुढे भाजीत मीठ कमी पडलं तरी उठायला लागला, आणि माझं गप्प बसणं म्हणजे त्या हाताखालचं ओलं पोतं होतं.

आता तो दारात आडवा उभा राहिला.

"कपाट इथंच राहील," म्हणाला आणि त्याने हात उगारला.

मी त्याचं मनगट धरलं. माझी नखं रुतली, त्याची कातडी सोलली, रक्त आलं, तरी सोडलं नाही. अकरा वर्षं मी जागची हलले नव्हते, सगळा जोर त्या एका क्षणाला लागला. मी रेटलं तसा तो दारातून सरकून भिंतीला टेकला.

हमाल थबकून बघत होते. मी त्यांना म्हटलं, "चला, आता जाईल ते."