रंगाखालचा वास

चौतीस वर्षं भिंती रंगवून रंगाऱ्याच्या उजव्या खांद्याची पार वाट लागली होती. नाक मात्र शाबूत होतं. वॉर्निश न्‌ टर्पेंटाइनच्या वाफा इतकी वर्षं ओढूनही ते एवढं तिखट कसं राहिलं, याचं त्याच्या बायकोला नवल वाटायचं. "दूध नासायच्या आधी ह्यांना कळतं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

बालवाडीचं काम मोठ्या सुट्टीत निघालं. खोल्या तीन, त्यातल्या दोन सरळ होत्या. तिसरीच्या दारात तो थबकला. आत कुबट वास होता, बंद तळघरातल्या ओल्या मातीसारखा. भिंती मात्र स्वच्छ. कुठे डाग नाही, पोपडा नाही. हात फिरवला तर ठणठणीत कोरड्या.

"बाई, इथं पाणी मुरतंय," तो मुख्याध्यापिकांना म्हणाला.

"कुठं दिसतंय तुम्हाला?"

"दिसत नाही. वास येतोय."

"एवढंच ना? या वर्गाच्या बाईही डोकं दुखतं, मुलांचे डोळे चुरचुरतात म्हणून वर्षभर माझ्यामागे लागल्या होत्या. नवा रंग लागला की वास जाईल."

"रंग मी भिंतीला लावतो बाई, वासाला नाही."

बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. तरी त्यांनी तीन दिवस दिले. खिडकीखाली ओल असणार, या अंदाजाने त्याने तिथलं प्लास्टर दोन ठिकाणी फोडलं. आत कोरडी वीट निघाली. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आता हे खड्डे कोण बुजवणार?"

"मीच," रंगारी म्हणाला. कान लाल झाले होते, पण पाय खोलीतून हलत नव्हता.

संध्याकाळी त्याने मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात एका प्रयोगशाळेत कामाला होती आणि बुरशी हाच तिचा रोजचा विषय. तिने नीट समजावलं, "बाबा, बुरशी आणि जिवाणू वाढताना हवेत रसायनं सोडतात. वास येतो तो त्यांचाच. बुरशी आत दडून बसते, दिसत नाही, पण ही रसायनं बारीक फटीतूनसुद्धा बाहेर येतात. त्यातली काही अगदी कणभर असली तरी आपलं नाक पकडतं."

"म्हणजे मला भास होत नाहीये."

"नाही. पण एवढं जिवाला का लावून घेताय?"

"तू चार वर्षांची होतीस. तुझ्या खोलीला असाच वास होता. मला कळलं होतं, तरी मी वरून रंगाचे दोन हात मारले आणि मोकळा झालो. तू सगळी थंडी खोकत होतीस. पुढं कपाट हलवलं, तर मागची भिंत काळी. तुझ्या आईला मी सांगितलं की मला काही कळलंच नव्हतं."

मग मुलीने विचारलं, "घरात वाट्या किती आहेत?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने आठ स्टीलच्या वाट्या भिंतींवर जागोजागी पालथ्या दाबल्या आणि कडा रुंद चिकटपट्टीने बंद केल्या. आत हवा कोंडली की जिथून वास निघतो तिथली वाटी जास्त वास धरेल, असं मुलीने सांगितलं होतं. बायको मात्र वैतागली. "आता जेवायला काय ताटात ओतून घ्यायचं?"

सकाळी तो एकेक वाटी काढून हुंगत गेला. दर खेपेला अंगणात जाऊन मोकळा श्वास घ्यायचा आणि परत यायचा. पाचव्या वाटीला त्याने मान झटकन मागे घेतली. ती फळ्याखालच्या तक्तपोशीवर, म्हणजे भिंतीला ठोकलेल्या लाकडी फळ्यांवर, लावलेली होती. पण परवाचे खड्डे तो विसरला नव्हता. त्याने वाटी पुन्हा तिथंच दाबली, बाकीच्याही जागेवर बसवल्या आणि तासाभराने बाईंना बोलावलं.

"मी काही सांगत नाही. तुम्हीच हुंगा."

बाई नाइलाजाने निघाल्या. पाचव्या वाटीशी आल्या आणि पदर नाकाला लावला. "शी! ही."

मग कोणाची परवानगी मागावी लागली नाही. पहिलीच फळी उचकटली, तर तिची पाठ काळ्याहिरव्या लवेने भरलेली होती. मागच्या भिंतीतून पलीकडच्या बेसिनचा पाइप जात होता आणि त्याचा सांधा थेंब थेंब गळत होता. ओल सगळी लाकडाने पिऊन घेतली होती.

नळवाल्याने सांधा बदलला, फळ्या जाळल्या. पण शाळा आठ दिवसांवर आली होती आणि बाईंना खोली हवी होती. "भिंत वाळल्याशिवाय ब्रश लावणार नाही," रंगारी म्हणाला, "हवं तर दुसरा माणूस बघा." बाईंनी दुसरा बघितला नाही. तिसऱ्या खोलीतली मुलं उरलेल्या दोन खोल्यांत दाटीवाटीने बसली. रंगारी दर दोन दिवसांनी वाटी घेऊन यायचा, नकारार्थी मान हलवायचा आणि परत जायचा. बाविसाव्या दिवशी त्याने रंगाचा डबा उघडला.

वर्गाच्या बाईंचं डोकं पुढे दुखेनासं झालं. ते त्या बुरशीनेच दुखत होतं का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकलं नाही, मुलीनेही नाही. शिडी खांद्यावर घेऊन तो निघाला, तेव्हा मुख्याध्यापिका ऑफिसच्या दारात उभ्या होत्या.

"जाता जाता," त्या म्हणाल्या, "जरा माझ्या खोलीतही नाक खुपसून जा."