आमच्यात कोरोनानं कोणी गेलं नाही

कोरोनाची दुसरी लाट अमरावती-अकोल्यात सगळ्यांच्या आधी उसळली. एरवी आमच्याकडे ढुंकूनही न पाहणारे चॅनेलवाले रोज वऱ्हाडाचं नाव घेऊ लागले, तेव्हा काही जणांना त्याचाही अभिमान वाटला होता. लाट ओसरली आणि कळलं की आमच्या ओळखीत कोरोनानं कोणी गेलंच नव्हतं. कोणी हार्टनं गेलं, कोणी शुगरनं. ज्यांना काहीच नव्हतं त्यांचं वय झालं होतं. ऐन चाळिशीतल्या एका मास्तरांचंसुद्धा वयच झालं होतं.

आमच्याकडे मयताच्या घरी लोक बसायला येतात, तेरवीला पंगती उठतात. कोरोना म्हटलं की दारात कोणी येणार नाही आणि घरच्या पोरीची सोयरीक जमणार नाही. म्हणून लोकांनी डॉक्टरांच्या हातापाया पडून दुसरं कारण लिहून घेतलं. आणि हीच मंडळी पुढे चौकात चहा पिताना, सरकार आकडे लपवतं म्हणून तावातावानं बोलत होती.

मी जन्मभर अमरावतीत संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर आम्ही काही जुन्या सहकाऱ्यांनी ओळखीच्या घरांत मोजणी करायचं ठरवलं. रीत साधी. एरवी या महिन्यांत किती माणसं जातात आणि साथीत किती गेली, एवढंच पाहायचं. जी जास्तीची भरली, ती साथीनं नेली असं धरायचं. कशानं गेला, हे विचारायचंच नाही. भातकुलीच्या आत्यानं फोनवर मला सुनावलं, "एवढी शिकली अन् कारणच नाई विचारत?" मग न विचारताच म्हणाली, "आमच्या दिराले शुगर होती बरं का."

अकोल्याची वहिनी मी शेवटी ठेवली होती. माझा मोठा भाऊ, अकोल्यातला वकील, त्याच लाटेत दवाखान्यात वारला. रिपोर्ट यायच्या आधीच गेला, त्यामुळे हार्ट लिहून घेणं सोपं पडलं. मुलीचं लग्न जमत आलं होतं. सकाळी चहा घेतला, छातीत कळ आली, अशी गोष्ट वहिनीनं बसायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. मलासुद्धा तीच सांगितली. त्याला ऑक्सिजन मिळावा म्हणून आम्ही दोघींनीच गावभर फोन केले होते! वकिलाच्या घरात खोटी साक्ष इतकी चोख. घरच्यांनी सांगितल्याशिवाय नोंद करायची नाही, हा आमचा नियम; सरकारी आकड्यातून सुटलेला माझा भाऊ आमच्या मोजणीतूनही गळणार, याचा मला संताप यायचा.

मी अकोल्याला गेले. विषय काढताच वहिनी म्हणाली, "आमच्या घरचं नका लिहू, बाई. पोरगी सासरी सुखात हाये."

"कशानं गेला ते मी विचारतच नाही. त्या महिन्यांत या घरातून कोणी गेलं का, एवढंच सांग."

"सकाळी चहा घेतला," तिनं सवयीनं सुरू केलं आणि थांबली.

"गेले ना," ती म्हणाली.

माझं काम झालं होतं. मी उठणार, तेवढ्यात तिनं माझा हात धरला.

"मले आत जाऊच नाई देलं, बाई. थे पाणी मांगत असतीन, तं कोणी देलं असन का त्याईले?"